बोलायची जागा

संक्रांत सरली की आमच्या गल्लीचा वास बदलतो. एरवी इथे कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या ऑइलचा वास असतो, कुणाच्या तरी फोडणीचा असतो, पलीकडच्या ओढ्याचा असतो. मग एका सकाळी दार उघडावं, तर या सगळ्यांच्या वर हळद येऊन बसलेली असते. डब्यातल्या कुटलेल्या हळदीचा वास वेगळा. या नव्या हळदीत माती असते, शिजवताना जाळलेल्या पाल्याचा धूर असतो आणि घशाच्या तळाशी लागणारं कडू काहीतरी असतं. मार्केट यार्डाकडे वळताना पोत्यांनी भरलेल्या गाड्या खड्ड्यात आदळतात आणि रस्त्यावर पिवळा धुरळा बसतो. त्यावरून दुचाकी गेली की डांबरावर एक पिवळी रेघ ओढली जाते. ती कुठपर्यंत जाते ते बघायला मी दर वर्षी थोडी वाकते.

हंगाम दर वर्षीच येतो. पण माझ्या मनात हळदीचा हंगाम म्हटलं की तो एकच. त्या हंगामात एका बाईनं मला एक प्रश्न विचारला. असला प्रश्न कुणी कुणाला विचारतं हेच मला माहीत नव्हतं. अजून कधी भाकरी थापताना तो आठवतो, आणि मी पुन्हा त्याच्या मागे लागते.

त्या वर्षी मी आणि माझी मुलगी श्रावणी दादाकडे राहत होतो. दादा माझा थोरला भाऊ. यार्डात मालाचा टेंपो चालवतो. माझं सासर माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. तिथली पोरं मिसरूड फुटलं की मुंबईला जातात. श्रावणीचे वडीलही गेले होते. आधी ते दर यात्रेला यायचे. मग एका यात्रेला यायचे, एक चुकवायचे. पुढं यात्रा येत राहिली, ते येईनात.

माणाचं मला वाईट आठवत नाही. तिथे आभाळ फार मोठं आहे. सांगलीत ते पत्र्यांच्या आणि तारांच्या मधे मधे सापडतं, तिथे ते थेट जमिनीला टेकलेलं असायचं. दुपारी वारा सुटला की बाजरी काढलेल्या रिकाम्या रानातून नुसती माती चालत यायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माणसांपेक्षा शेळ्यांशी जास्त बोलायच्या. "कुठं गेलतीस गं भवाने?" असं शेळीला विचारायच्या आणि खरोखर थांबायच्या, ती आता सांगेल म्हणून. मला त्या काही विचारायच्या नाहीत. पण तव्यावरची चांगली फुगलेली भाकरी माझ्याच ताटात यायची. टँकर आला की मी घागरी घेऊन पुढे पळायचे आणि त्या मागून येऊन आमची जागा राखायच्या. आमचं दोघींचं बोलणं म्हणजे तेवढंच. श्रावणी शाळेच्या वयाची झाली तेव्हा दादा आला आणि म्हणाला, "चार दिस चल माहेरी." ते चार दिवस लांबत लांबत वर्षं झाली. मला कुणी पाठवलं नव्हतं आणि मी काही ठरवलंही नव्हतं.

सांगलीत मी हळद निवडायला जाऊ लागले. मोठं गोदाम, वर पत्रा, खाली हळदीचे ढीग. आम्ही बायका ढिगाभोवती मांडी घालून बसायचो. लांब हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे एकीकडे, तुटकी कणी चाळणीखाली. पॉलिश केलेली चांगली वाळलेली हळकुंडं एकमेकांवर पडली की बांगड्यांसारखी वाजतात. ओलसर असेल ते मुकं पडतं, ते हाताला कळायच्या आधी कानाला कळतं. तोंडाला पदर बांधला तरी संध्याकाळी शिंक पिवळीच यायची. भाकरीच्या पिठात बोटांची पिवळी नक्षी उमटायची आणि श्रावणी म्हणायची, "आई, आज लग्नाची भाकरी हाय."

गल्लीत हळदीकुंकू असलं की बायकांची पंचाईत व्हायची. जिचा नवरा वर्षानुवर्षं आला नाही, त्या बाईला बोलवायचं की नाही? बोलवलं तर कुणीतरी नाक मुरडेल, नाही बोलवलं तर समोरच राहते. मी कामावरून कोपरापर्यंत पिवळी होऊन त्यांच्या दारावरून जायचे आणि त्या वाटीत बोट बुडवून विचार करत उभ्या. माझ्या शेजारी निवडायला बसणाऱ्या शकिलाभाभींना हे सांगितलं तर त्या हसून लोटपोट झाल्या. "आन् किती हळद लावनार गं तुला त्या? जागा तरी कुठं ऱ्हायलीय?"

शकिलाभाभींचा आवाज मोठा, माझा नाहीच. घरी मी हं, हो, येते, एवढंच बोलायचे. दुकानात मागायची वस्तू बोटानं दाखवायचे. कुणी चारचौघांत माझं नाव घेतलं की कानशिलं तापायची.

आमच्या गोदामात अश्विनीताई आल्या त्या तोंडाला बांधायची फडकी घेऊन. एका संस्थेत त्या कामाला होत्या. वयानं माझ्याहून लहान, पण आम्ही सगळ्या त्यांना ताईच म्हणायचो. मूळच्या साताऱ्याच्या. फडकी वाटून जातील असं वाटलं, तर त्या ढिगापाशी बसल्या. मग दर आठवड्याला येऊन बसू लागल्या. कुणाचा खोकला, कुणाची सून, कुणाचं दारूचं प्रकरण. ऐकायच्या, आणि सगळं ऐकून झालं की एकच बोलायच्या, "मग तुम्हाला काय वाटतं?"

आम्ही यावर फार चर्चा केली. ताई कामाला आहेत, म्हणजे त्यांना पगार आहे. मग पगार नक्की कशाचा?

"इचारायचा," एक जण म्हणाली.

"इचारायचा पगार असतोय व्हय?" शकिलाभाभी म्हणाल्या. "मग माझा नवरा लय वर्सं फुकट राबला. रोज इचारतो, चा झाला का."

नेमकं त्याच हंगामात श्रावणीचे वडील आले. एका रविवारी दादाच्या दारात उभे, बरोबर त्यांचे चुलते तात्या. केस काळे केलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊचा पुडा. मी आत ओट्यापाशी होते. वहिनीनं पोहे केले, मी ते बशीत भरले. भिंतीच्या पलीकडून मला माझंच बोलणं ऐकू येत होतं, म्हणजे माझ्याविषयीचं. मुंबईचं काम सुटलं होतं. गावाकडं म्हातारी थकली होती, शेळ्या होत्या. झालं गेलं मागं टाकायचं. तात्या म्हणाले, "पोरीला तिच्या घरी घिऊन जातो. हळदीचं काम संपू द्या, मग येतो."

दादा म्हणाला, "तुमचीच हाय की. घिऊन जावा."

कुणी वाईट बोललं नाही. वहिनीनं दुसऱ्या दिवशी मला नवी साडी आणून दिली. तिच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहत होतो आणि तिनं कधी ताट आपटलं नव्हतं. दादा आनंदात होता. बहिणीचा संसार मार्गी लागतोय, यापरतं भावाला काय पाहिजे? श्रावणी रात्री पांघरुणातून एवढंच म्हणाली, "तिकडं माझी शाळा किती लांब असंल?" म्हणजे हंगाम संपला की मी आणि श्रावणी माणला जाणार, हे ठरलं होतं. ढीग रोज लहान होत होता.

शकिलाभाभींनी हे ताईंना सांगितलं. ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "छायाताई, तुम्हाला काय वाटतं?"

आता माझी पाळी आली होती. मी शाळेत होते तेव्हा बाई असंच विचारायच्या आणि आपण बरोबर उत्तर द्यायचं असायचं. मला वाटलं, ताईंना उत्तर माहीत आहे, त्या फक्त मला येतं का ते बघताहेत. मी म्हणाले, "जायला पायजे." त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर काहीच फरक नाही. पुढच्या वेळी म्हणाले, "जायचं न्हाई." तरी तोंड तसंच. शकिलाभाभी म्हणाल्या, "एकदा रडून बघ, मग सांगत्याल." सगळ्या बायका माझ्या परीक्षेत भाग घेऊ लागल्या. कुणी म्हणे, शिकलेल्या बायकांना 'जायचं न्हाई' हेच आवडतं. कुणी म्हणे, न्हाई, त्यांना पण संसार मोडायचा नसतो, वरून तसं सांगितलेलं असतं. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला आभाळ आठवायचं आणि टँकरही आठवायचा. हळदीतून उठावंसं वाटायचं नाही, आणि आत्याबाई शेळीशी बोलताना दिसायच्या.

ताईंनी मग दादाला संस्थेच्या ऑफिसात बोलावलं. निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर पंखा, टेबलावर पाण्याचे पेले. मी खुर्चीच्या कडेला बसले. दादा टोपी हातात घेऊन बसला. ताई म्हणाल्या, "छायाताई, बोला." पंखा फिरत होता. मी पेल्याकडे बघत राहिले. पेल्यातलं पाणी पंख्यानं हलत होतं, ते मला अजून दिसतं. ताईंनी पुन्हा विचारलं, थांबल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "त्यांना जायचं नाहीये."

दादा चिडला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "हे ती म्हणतीय का तुमी म्हणताय?"

दादाचा प्रश्न बरोबर होता.

पुढच्या आठवड्यात ताई गोदामात आल्या तेव्हा नेहमीसारख्या हसल्या नाहीत. पदर सारखा करून माझ्यापाशी बसल्या. "त्या दिवशी तुमचं मी बोलले. ते माझं काम नव्हतं. तुमचं अजून ठरलंही नव्हतं. मी घाई केली."

मला अवघडल्यासारखं झालं. शिकलेलं माणूस असं तोंडावर येऊन सांगतं हे पहिल्यांदाच बघत होते. "ऱ्हाऊ द्या वो ताई," मी म्हणाले.

"राहू देणार नाही. मला एक सांगा. त्या खुर्चीवर तुम्हाला बोलता आलं नाही. मग तुम्हाला कुठं बोलायला येतं?"

हाच तो प्रश्न. काय बोलायचं ते लोक विचारतात. का बोलली नाहीस तेही विचारतात. कुठं? माझ्या हातातलं हळकुंड हातातच राहिलं.

मग मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. खरंच मी कुठं बोलते? दादाच्या घरात नाही. नळावर नाही, तिथं दुसऱ्याच बायका बोलतात. देवळात तर देवाशीसुद्धा नाही, हात जोडून येते. श्रावणीशी बोलते, पण तिची वेणी घालताना, तिची पाठ माझ्याकडे असते तेव्हा. शकिलाभाभींशी बोलते, तासन्‌तास बोलते, थट्टासुद्धा करते. तेव्हा मी कुठं बघत असते? खाली, हळदीकडे. माझे हात चालू असतात. हात रिकामे झाले, डबा खायला बसलो, की मी गप्प. एके दिवशी मुद्दाम बोलता बोलता हात थांबवून बघितले. वाक्य तिथेच संपलं! मला इतकी गंमत वाटली की मी एकटीच हसले. भाभी म्हणाल्या, "आता हिला येडबिड लागलं की काय?" एवढी वर्षं मी या अंगात राहतेय आणि मला ते माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला ताई आम्हा काही बायकांना साताऱ्याला मेळाव्याला घेऊन गेल्या. हॉलवर मोठा फलक होता, महिला सक्षमीकरण. भाषणं झाली, तिळाचे लाडू मिळाले. मला त्या शब्दाचं कुतूहल वाटलं. काहीतरी करून टाकण्यासारखा तो शब्द. जशी हळद आधी शिजवायची, मग वाळवायची, मग पिंपात घालून पॉलिश करायची, तसं आमचंही काही करणार होते का? मी ताईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही तो शब्द थोडा खुपतो. पण फलकावर दुसरा मावत नाही."

दुपारी त्यांनी आम्हाला किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या घरी जेवायला नेलं. त्यांचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अंगणात कुंड्यासुद्धा परेडला उभ्या. मोठ्या आवाजाचे, प्रेमळ गृहस्थ. आग्रह करकरून वाढत होते. "लाजायचं नाही! ही आपलीच मेस समजा." मग शकिलाभाभींनी सहज म्हटलं, "तुमची लेक लय चांगली हाय साहेब, आमाला सोडून कुटं धाडू नगा."

"आता एवढा महिना. मग पुण्याला परीक्षेच्या क्लासला जॉइन व्हायचं. सरकारी पोस्ट पाहिजे. फायनल झालंय सगळं."

"ताईनी ठरवलं?" भाभींनी विचारलं.

"तिला काय विचारायचं? ऑर्डर म्हणजे ऑर्डर," ते हसून म्हणाले.

मी ताईंकडे बघितलं. त्या भात कालवत होत्या, आणि कालवून झालेला भात पुन्हा कालवत होत्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. तो गप्पपणा मात्र माझ्या चांगला ओळखीचा होता.

परतीच्या एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. खिडकीतून उसाच्या तोडलेल्या रानांचा जळका वास येत होता. माझ्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून मी पिशवीचा बंद उलगडून पुन्हा विणत होते. बहुतेक त्यामुळेच मला विचारता आलं. "ताई, आन् तुमाला कुठं बोलायला येतं?"

त्या आधी मोठ्यानं हसल्या. मग हसू ओसरलं आणि त्या बाहेर बघत बसल्या. उंब्रज गेलं, कराड आलं. कराडच्या स्टँडवर गाडी उभी राहिली तेव्हा म्हणाल्या, "मला वाटतं, गाडीतच. वडील गाडी चालवत असले की त्यांना वळून बघता येत नाही ना." ताई अजून याच कामात आहेत. त्यांनी वडिलांना कुठल्या रस्त्यावर काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. पण जाणून घ्यायला मला फार आवडेल.

हंगाम संपत आला. ढिगाच्या खालची फरशी दिसू लागली. मी ताईंना सांगितलं, "मला हितं बोलायला येतं. हळद निवडताना." त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. "मग इथंच बोलावू," म्हणाल्या. शेठची परवानगी शकिलाभाभींनी काढली. शेठ म्हणाले, "माझ्या गोदामात आता बैठका पण बसणार काय?" पण जेवणाच्या सुट्टीत या म्हणाले.

दादा, श्रावणीचे वडील आणि तात्या आले. गोदामात शिरताच तात्यांना शिंका सुरू झाल्या. दादा म्हणाला, "छाये, हितं? ह्या धुरळ्यात?"

"व्हय दादा. मला हितं बोलायला येतं."

हे माझं पहिलं वाक्य. ते नीट बाहेर पडलं म्हणून मी खाली मान घालून पुढचं हळकुंड उचललं. श्रावणीच्या वडिलांनी पोत्यावर रुमाल अंथरला आणि त्यावर बसले. बाकीच्या बायका डबे घेऊन बाहेर गेल्या. शकिलाभाभी मात्र पलीकडे बसून राहिल्या, आणि ताई त्यांच्याजवळ. ताईही निवडत होत्या, वाईट निवडत होत्या.

मी काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. ठरवायचा प्रयत्न केला होता, जमला नव्हता. हात सुरू झाल्यावर माझ्या तोंडातून प्रश्नच आला, कारण मला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं.

"तितं मुंबैत जेवायचं कोन करायचं?"

श्रावणीच्या वडिलांना वाटलं मी भांडतेय. ते म्हणाले, "आता ते कशाला काढतीस?"

"भांडत न्हाई वो. म्हाईत न्हाई म्हनून इचारतीय. एवढी वर्सं तुमी काय खाल्लं, ते मला म्हाईत न्हाई."

त्यांनी खालच्या रुमालाची कड सारखी केली. "आधी खानावळ हुती. मग एक बाई हुती."

तात्यांनी घसा खाकरला. दादानं माझ्याकडे बघितलं. लोक म्हणायचेच, मला नवं नव्हतं. मी गड्डा बाजूला टाकला. "आता ती कुठं हाय?"

"गेली."

"कुठं गेली?"

"मला काय म्हाईत? मी न्हाई इचारलं."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. साधं उत्तर दिलं, आणि त्यामुळेच मला ते नीट दिसले. एक बाई त्यांना जेवू घालायची, एक दिवस ती गेली, आणि कुठं गेली हे विचारावं असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या बाईचा मला मत्सर वाटायला हवा होता. मला तिच्याविषयी कुतूहलच वाटलं. ती कुठं बोलत असेल?

"आन् मला न्यायचं का म्हनताय?"

"का म्हंजे? म्हातारीला आता व्हईना. शेरडं हायत."

"संसार हाय की गं," तात्या शिंक आवरत म्हणाले. "बाईमानसानं असं इचारत्यात व्हय?"

"तात्या, आवं, मी आजपातूर कवा काय इचारलं? एकदा इचारू द्या." माझे हात इतके भराभर चालले होते की हळकुंडं एकसारखी वाजत होती. "आत्याबाई म्हनाल्या का, छायाला आना म्हनून?"

श्रावणीचे वडील म्हणाले, "तिला काय इचारायचं त्यात?"

ते ऐकलं आणि माझं ठरलं. कसं ठरलं ते मी पुष्कळदा आठवून बघते. आत काही मोडलं नाही की पेटलं नाही. पोत्यात घातलेल्या हाताला नेमकं एक लांब, नितळ हळकुंड लागावं, तसं ते हाताशी आलं. मी म्हणाले, "तर मग तिला इचारा. हिकडं यायचं म्हनली तर घिऊन या, मी संबाळीन. खोली मी माझी बगीन. ती तितंच ऱ्हायची म्हनली तर तुमी संबाळा, तुमची आई हाय. मी काय येत न्हाई. श्रावणी पन न्हाई, तिला मी इचारलंय."

दादा उठून उभा राहिला. "खोली? कुठली खोली? आमी काय मेलोय का?"

"तसं न्हाई दादा. वैनीला बी एकदा इचार, आमी झोपतो तो सोपा तिला मोकळा पायजे का."

पलीकडून शकिलाभाभींनी खोकल्याचं निमित्त करून तोंडात पदर कोंबला. ताई एका गड्ड्याकडे अशा बघत होत्या, की जणू त्याच्यावर काही लिहिलंय.

श्रावणीचे वडील उठले. पँटची मागची बाजू झटकली. रुमाल होता तरी ती पिवळी झाली होती. "बरं," ते म्हणाले. मला वाटलं होतं ओरडतील. ते दाराकडे गेले, परत वळले आणि म्हणाले, "म्हातारीला इचारतो."

त्यांनी विचारलं. उन्हाळ्यात आत्याबाई आल्या, माझ्या भाड्याच्या खोलीत महिनाभर राहिल्या. श्रावणीला शेळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. एका सकाळी म्हणाल्या, "मला हितं झोप लागंना. शेरडांचा वास न्हाई. मला माझ्या घरी सोड." मी सोडून आले. आता त्या आणि त्यांचा मुलगा तिथे असतात. भाकऱ्या ते करतात, काळ्या करतात, असं त्या फोनवर सांगतात. शेळीशी बोलायच्या तशा आता माझ्याशी बोलतात. विचारतात आणि थांबतात.

पण मला आठवतो तो त्या बैठकीचा दिवस, आणि त्यातलीही संध्याकाळ. दादा टेंपो घेऊन गोदामाच्या दारात आला होता. मी त्याच्या शेजारी बसले. तो बोलत नव्हता. मीही नाही, माझे हात रिकामे होते. त्यानं नेहमीचा रस्ता सोडला आणि कृष्णेच्या काठानं गाडी घेतली. नदी कमी झाली होती, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. दादानं एका हातगाडीपाशी टेंपो थांबवला. तिथं तो नेहमी थांबतो, घरच्यांसाठी काहीतरी बांधून घेतो. काय घ्यायचं ते त्याचं तोच ठरवतो. त्या दिवशी त्यानं समोरच बघत विचारलं, "तुला काय पायजे?"

"कायबी."

"कायबी हितं मिळत न्हाई," गाडीवाला म्हणाला. "भडंग हाय, भेळ हाय, गरम भजी हाय."

मी विचार करू लागले. भडंगाचं वेड श्रावणीला. भेळ वहिनीला आवडते. भजी दादा खातो. मला? मी तिन्ही खाल्लं होतं, पुष्कळदा खाल्लं होतं, आणि कुठलं मला आवडतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. दुपारी मी एवढं मोठं ठरवून आले होते, आणि आता कांदा कापायची सुरी हातात धरलेल्या माणसापुढे मला हे ठरवता येईना.

"मावशी, लवकर सांगा, मागं गिऱ्हाईक हाय," तो म्हणाला.

दादानं किल्ली फिरवली आणि टेंपोचं इंजिन बंद केलं. "त्यांचं आधी दे रं," तो गाडीवाल्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सावकाश सांग."